कॉलरमधला नंबर

नाही, थोरल्या, उठायचं नाही. खुर्ची मागे सरकवलीस तर तो आवाज मला मेल्यावरही ऐकू येईल. आणि वकीलसाहेब, चष्मा पुसत पुसत मधलं एखादं पान फाइलखाली सरकवायचा विचार असेल तर सोडून द्या. पानं सात आहेत, प्रत्येकावर सही आहे, आणि दुसरी प्रत या क्षणी धाकटीच्या मांडीवर आहे. तुम्ही जे गाळाल ते ती मोठ्यानं वाचेल. तिचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे.

तर. मी, निवृत्त सरसेनापती, माजी संरक्षणमंत्री, दोनदा निवडून आलेला माजी राष्ट्राध्यक्ष, वय एकोणऐंशी, उजवा गुडघा सोडला तर धडधाकट, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र करतो आहे. दबावाखाली मी फक्त तुमच्या आईच्या होतो, आणि तिला जाऊन नऊ वर्षं झाली. याआधीची तिन्ही मृत्युपत्रं रद्द. तिन्ही फार गोड होती.

डोकं ठिकाणावर आहे की नाही हे डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात तपासलं. शंभरातून सात-सात वजा करत उलटं मोजायला लावलं. मी दोनपर्यंत आलो. मग म्हटलं, आता तुम्ही. ते अठ्ठावन्नपाशी अडकले. तेव्हा म्हातारा भ्रमिष्ट झाला होता असं कोर्टात म्हणायचं असेल तर दुसरा डॉक्टर शोधावा लागेल, कारण हे डॉक्टर इथेच माझ्या शेजारी स्टुलावर बसलेत आणि साक्षीदार म्हणून सही करणार आहेत.

इथे म्हणजे रेकॉर्ड ऑफिसच्या जिन्याखाली. हे मी लिहीत नाहीये, बोलतोय. इथे एक बाई टाइपरायटर घेऊन बसतात, लोकांचे अर्ज टाइप करून देतात. साठीच्या आहेत. मला बघताच ओळखलं त्यांनी, पण उठल्या नाहीत. म्हणाल्या, "पानाचा दर ठरलेला आहे. ओळखीच्यांना सवलत नाही." मी म्हटलं, तोंडातून येईल ते सगळं टाइप करायचं, मधे काही वगळायचं नाही. "शिव्यासुद्धा?" शिव्यासुद्धा. "मग जाड कागद लावते," म्हणाल्या आणि कार्बन घालून मोकळ्या झाल्या.

वकिलांच्या ऑफिसात का नाही केलं? तिथे गालिचा आहे. मला फेऱ्या मारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि स्वतःच्या पावलांचा आवाज आल्याशिवाय खरं बोलता येत नाही. इथे चार पावलांची जागा आहे. चार जातो, चार येतो. वरून लोक जिना चढतात-उतरतात, कुणी वाकून बघतं, ओळखतं, आणि खोटं वाटून पुढे जातं. छान आहे.

कलम एक. घर. हे घर मला संसदेनं दिलं. देणगीपत्रात एक ओळ आहे जी तुम्ही कुणीच कधी वाचली नाहीत, कारण तुम्ही सगळे पडदे कुठले लावायचे यात गुंतला होता. ओळ अशी: कायदेशीर मृत्युपत्र न करता मी मेलो, किंवा मृत्युपत्र कोर्टात बाद ठरलं, तर घर सरकारजमा. थोरल्या, ही ओळ लक्षात ठेव. तिची गाठ शेवटी पडणार आहे.

घर थोरल्याला. मागच्या अंगणातली, पंपाशेजारची खोली मात्र धाकटीला. त्या खोलीत मास्तर राहतात. मास्तर म्हणजे आमचे शिंपी, तुम्ही दोघं रांगत होता तेव्हापासून आपल्याकडे मशीन घेऊन बसलेले. तुमच्या शाळेच्या चड्ड्या त्यांनी शिवल्या, थोरल्याच्या शपथविधीचा कोट त्यांनी शिवला आणि पोट लपवून दाखवलं. खोली सरळ मास्तरांनाच द्यायला हवी होती. ती का देता येत नाही ते पुढे येईल. धाकटीला ते कळलं की त्या खोलीचं काय करायचं हे तिला सांगावं लागणार नाही.

कलम दोन. पुस्तकं धाकटीला. तिनं माझ्याशी बोलणं सोडून सहा वर्षं झाली, त्याचं कारणही पुढे येईल. थांबा, कलम तीन आधी. माझी काळी छत्री विरोधी पक्षनेत्याकडे आहे. एका पावसाळी अधिवेशनात नेली ती परत केली नाही. ती आता त्याची. त्यानं हयातभर मला चोर म्हटलं, म्हणून हे छापील असावं.

तहाचं पेन संग्रहालयाला. तहाबद्दल एवढंच सांगतो की जी खिंड राखली म्हणून मी सेनापती झालो, तीच खिंड राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मी सही करून परत दिली. त्या उंचीवर गवतसुद्धा उगवत नाही आणि दर हिवाळ्यात दोन्हीकडची पोरं थंडीनं मरत होती.  

कलम चार. पदकं अकरा. दहा नातवंडांना, खेळायला द्या, भिंतीवर लावू नका. अकरावं, खिंडीचं, सरकारला परत. वकीलसाहेब, पाणी पिऊन घ्या.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी खिंडीवर माझी कंपनी होती. एकशे वीस माणसं, दोन मशीनगन, टेलिफोनची एक तार. सैन्यातल्या प्रत्येक कोटाला कॉलरच्या आतून नंबर शिवलेला असतो. माणूस म्हणजे तो नंबर. मेलेला असो की पेंगलेला, चेहरा बघायचा नाही, कॉलर उलटायची. मी स्वतः शेकड्यानं उलटल्यात. पहिला बर्फ पडला की सगळे कोट कंपनीच्या शिंप्याकडे जायचे, सुटलेले नंबर घट्ट करायला. तो शिंपी म्हणजे आपले मास्तर. नंबर ४१७.

हो, थोरल्या. चौकातल्या पुतळ्याखाली आहे तोच नंबर. तू ज्याचं चित्र छापून दोन निवडणुका जिंकलास, तो हुतात्मा, तो खिंडीचा शिंपी. तो मागच्या अंगणात राहतो आणि तुझ्या गुंड्या लावतो.

आता सगळे एकदम बोलताय. बोलून घ्या. मी थांबतो.

झालं? ऐका. कंपनीत टेलिफोनची तार जोडणारा एक पोरगा होता. तारवाला म्हणायचो आम्ही. बावीस वर्षांचा, ताडमाड, हसरा. त्याच्या कोटाची बाही शेगडीवर जळली. मास्तरांनी कोट दुरुस्तीला ठेवून घेतला आणि तेवढ्यापुरता स्वतःचा दिला. म्हणाले, मी शेगडीपाशी बसणार, तुला बाहेर तार बघत हिंडायचं. मास्तर बुटके. तारवाल्याची मनगटं वीतभर बाहेर राहिली. पुढच्या ठाण्यातले दोघं गनवाले हसले, मीसुद्धा.

त्याच आठवड्यात मला बढती आली. खांद्यावरचे नवे बिल्ले आले, आणि दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला यायचे होते. बिल्ले शिवायला सोनेरी दोरा हवा होता, तो संपलेला. मी मास्तरांना म्हटलं, खाली तळावर जा आणि घेऊन या. साहेबाच्या खासगी कामाला ठाण्यावरचा माणूस पाठवायला बंदी असते, म्हणून पास दिला नाही. तोंडी सांगितलं. मास्तरांच्या हाताशी जो कोट होता तो घालून ते निघाले. तारवाल्याचा कोट. एक बाही अर्धी शिवलेली, सुई तशीच अडकलेली. खालच्या नाक्यावर पहारेकऱ्यानं कॉलर उलटली आणि वहीत लिहिलं: सकाळी सहा चाळीस. नंबर ५६२ खाली गेला. पास नाही. तोंडी हुकूम आहे म्हणतो.

टाइपरायटर थांबलाय.

बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवलेत. वाचणाऱ्यांसाठी सांगतो. नंबर ५६२ हा सैन्याच्या दफ्तरात फरारी आहे. लढाईच्या दिवशी सकाळी ठाणं सोडून पळालेला. फरारी माणसाच्या घरच्यांनी सरकारकडे कुठलाही अर्ज करायचा तर खाली नातं लिहावं लागतं, तसा नियमच आहे: फरारी क्रमांक अमुकचा बाप, फरारी क्रमांक तमुकची आई. टाइप करणाऱ्या या बाई फरारी क्रमांक ५६२ ची बहीण म्हणून एक्केचाळीस वर्षं सही करतात. मला हे इथे येण्याआधी माहीत होतं. म्हणूनच आलो.

 डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

"पुढे बोला," म्हणाल्या.

पुढे. हल्ला अकराला झाला. मी मागच्या बंकरात, तारवाला पुढच्या ठाण्यात, मधे तीनशे पावलं आणि ती तार. पुढचे दोघं गनवाले पहिल्या पाच मिनिटांत गेले. तारवाल्यानं फोन केला, दोघंही गेलेत, काय करू? मी म्हटलं, गन चालवता येते का? म्हणाला, बघितलंय लांबून. मी म्हटलं, मग चालव. तार दोनदा तुटली, दोनदा त्यानं रांगत जाऊन जोडली. एक तास चाळीस मिनिटं तो एकटा होता. थोडा वेळ गन, थोडा वेळ फोन. शेवटचं बोलला ते असं: "साहेब, कोट फार आखूड आहे. हात पुढे केला की पाठीत थंडी भरते. मास्तरांना म्हणावं, बाही लवकर करा."

मग ठाण्यावर गोळा पडला आणि दुसरा माझ्या बंकरावर. माझा गुडघा तिथला. कुमक येईपर्यंत खिंड आपल्याकडे होती.

मी इस्पितळात असताना दुय्यम अधिकाऱ्यानं मोजदाद केली. पुढच्या ठाण्यातल्या माणसाला चेहरा उरला नव्हता. कॉलर उलटली: ४१७. शिंपी. हजेरीत ५६२ गायब. नाक्याची वही काढली तर ५६२ सकाळीच खाली उतरलेला. वहीला वही जुळली. यात कुणाची लबाडी नव्हती, हे मला नीट सांगायचंय. लबाडी नवव्या दिवशी सुरू झाली. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष माझ्या खाटेपाशी आले, हातात वर्तमानपत्र. मथळा होता, कात्रीवाल्या हातांनी खिंड राखली. ते म्हणाले, असा शिंपी ज्याच्या कंपनीत तयार होतो तो कंपनीप्रमुख काय असेल. हे असंच घडलं ना?

मला तारवाल्याचा आवाज माहीत होता. मला आखूड कोट माहीत होता. पण शिंपी ठाण्यात नव्हता म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग होता कुठे? माझ्या खांद्यावरच्या बिल्ल्यांचा दोरा आणायला. मी म्हटलं, "हो."

थोरल्या, तुझी गाडी, तुझा बंगला, तुझं खातं, सगळं त्या एका हो वर उभं आहे.

मग चौकशी समिती आली. तिघं होते, त्यातला एक सारखं नाक शिंकरत होता. विचारलं, नंबर ५६२ ला खाली जायचा हुकूम तुम्ही दिला होता काय? मी उत्तर दिलं: नंबर ५६२ ला मी कसलाही हुकूम दिलेला नाही. शब्द न् शब्द खरा. हुकूम मी ४१७ ला दिला होता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं हे असं सोळा आणे खरं वाक्य आहे, आणि पुढे राजकारणात त्याचा मला फार उपयोग झाला.

मला खाली नेलं त्याच रात्री बर्फानं रस्ता बंद झाला, मास्तर तळावरच अडकले. तिसऱ्या आठवड्यात रस्ता मोकळा झाला तसे इस्पितळात आले. अंगात तोच कोट, हातात सोनेरी दोऱ्याचं रीळ. म्हणाले, "साहेब, मी मेलोय म्हणे." मी म्हटलं, पदकाचा समारंभ होऊ दे, आठ दिवस थांबा, मग सगळं निस्तरू. त्यांनी विचारलं, आणि त्या पोराचं? मी म्हटलं, त्याचंही. आठ दिवस.

मास्तरांच्या आईला त्यांनी खरं सांगितलं. ती हसून हसून बेजार झाली. म्हणाली, जिवंत होतास तेव्हा एक पै धाडली नाहीस, मेल्यापासून महिन्याच्या एक तारखेला पेन्शनचे पैसे येतात. ती गेली तेव्हा हुतात्म्याची माता म्हणून तिला सलामी मिळाली. मास्तर मागे माझा कोट धरून उभे होते.

तारवाल्याच्या घरी हसण्यासारखं काही नव्हतं. वडील रेल्वेच्या सिग्नलवर कामाला होते, त्यांना काढलं. बहिणीचं शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला नाव लागलं होतं, ते खोडलं. फरारी माणसाची बहीण सरकारी शाळेत चालत नाही. तिनं अर्ज टाइप करून घ्यायला सुरुवात केली, मग पैसे परवडेनात म्हणून टाइपिंग शिकली, मग तोच धंदा झाला. तिचा अकरावा अर्ज मी राष्ट्राध्यक्ष असताना माझ्या टेबलावर आला. मी त्यावर नामंजूर लिहिलं.

"बारावा," बाई म्हणाल्या. मान वर न करता. "अकरावा तुमच्या लोकांनी हरवला."

बारावा. दुरुस्त करू नका बाई, दोन्ही राहू दे. सही माझीच होती का, विचारलं मी. म्हणाल्या, शेवटच्या अक्षराला शेपूट आहे. आहे.

धाकटे, आता तुझं. तू ज्या वर्तमानपत्रात होतीस त्यानं हाच अर्ज पहिल्या पानावर छापला होता, वर प्रश्न टाकून: ५६२ कुठे आहे? मी ते वर्तमानपत्र अकरा दिवस बंद ठेवलं. देशाच्या सुरक्षेचं कारण दिलं. तू दारात उभी राहून म्हणालीस, बाबा, कारण सांगा, नाहीतर मी निघाले. मी सांगितलं नाही. तू निघालीस. कारण हे होतं. छाप. आज संध्याकाळच्या आत छाप, कारण थोरला उद्यापर्यंत थांबणार नाही.

तुम्हाला वाटत असेल, मधल्या काळात मला काही होतच नव्हतं. खिंडीच्या दिवशी दरवर्षी पलटणीत मेलेल्यांची हजेरी होते. सुभेदार नंबर पुकारतो, सगळी पलटण एका आवाजात ओरडते, हजर. एका वर्षी सुभेदारानं पुकारलं, नंबर चारशे सतरा, आणि पलटणीनं श्वास घ्यायच्या आत माझ्या मागून मास्तरच म्हणाले, हजर. सवयीनं. मास्तरांना ओळखणारे जुने लोक तोवर पलटणीत नव्हते; बाकीच्यांना वाटलं, केवढी भक्ती. एका कर्नलनं डोळे पुसले. आम्ही घरी परतलो. फाटकापाशी मास्तर म्हणाले, "साहेब, चारशे सतराला एवढे लोक ओ देतात. पाचशे बासष्टला कोण?"

तहाच्या वेळी तर कहर. दोन हजार माणसं माझ्या घरासमोर मास्तरांचं चित्र नाचवत होती, शिंप्याच्या रक्ताचा सौदा म्हणून. चित्रात मास्तर सहा फूट उंच. पुतळा करणाऱ्याला फोटो मिळाला नाही, त्यानं स्वतःच्या मेव्हण्याचा चेहरा दिला, तोच पुढे सगळीकडे गेला. मास्तर मागच्या खोलीत खिडकीचा पडदा शिवत होते. म्हणाले, घोषणा बऱ्या आहेत, पण चित्रात माझ्या कोटाच्या गुंड्या उलट्या बाजूला आहेत.

आम्ही हसलो. तेच तर. आम्ही हसत राहिलो.

गेल्या महिन्यात मी थोरल्याच्या कचेरीत गेलो. तो संरक्षणमंत्री, फरारीचा शेरा खोडायला त्याची एक सही पुरते. सगळं सांगितलं, फक्त मास्तर जिवंत आहेत आणि आपल्याच घरात आहेत एवढं सांगितलं नाही. तारवाल्याचं सांगितलं. तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला. म्हणाला, "बाबा, एक्केचाळीस वर्षं थांबलंय ना? निवडणूक होऊ द्या. आठ महिने थांबा, मग सगळं निस्तरू."

माझेच शब्द. फक्त दिवसांचे महिने झाले होते. बाहेर येऊन जिन्यावर बसलो. या जिन्यावर, याच इमारतीत. खालून टाइपरायटरचा आवाज येत होता.

कलम पाच, आणि हेच खरं कलम. नंबर ५६२ पळाला नाही. नंबर ५६२ पुढच्या ठाण्यात कामी आला, ४१७ चा कोट अंगात असताना, टेलिफोन हातात असताना. हे मी डोळ्यांनी पाहिलं नाही, कानांनी ऐकलं. त्याच्या नावापुढचा शेरा खोडला जावा, पलटणीच्या हजेरीत त्याचा नंबर पुकारला जावा, आणि पलटणीनं ओ द्यावी.

नुसती इच्छा लिहिली तर तुम्ही ती फ्रेम करून भिंतीवर लावाल. म्हणून आता ती गाठ.

या मृत्युपत्राला साक्षीदार दोन. डॉक्टर, आणि हे पायरीवर पेटी घेऊन बसलेले मास्तर. मास्तर स्वतःच्या नंबरानं सही करणार आहेत, शेजारी डाव्या अंगठ्याचा ठसा. भरतीच्या रजिस्टरात ४१७ समोर तोच ठसा आहे. रजिस्टर याच जिन्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आहे. जुळवून बघा. आता, थोरल्या, तुझ्यापुढे दोन रस्ते. ४१७ मेलेला आहे असं तू म्हणालास, तर मेलेल्या माणसाची साक्ष चालत नाही, उरतो एक साक्षीदार, एका साक्षीदारावर मृत्युपत्र टिकत नाही, आणि घर सरकारजमा. ४१७ जिवंत आहे असं म्हणालास, तर मग ठाण्यात कोण होता, याचं उत्तर तुलाच, मंत्री म्हणून, लिहून द्यावं लागेल. तुझ्यावर माझा जीव आहे. पण तुला मी चांगला ओळखतो, आणि तू घर सोडणार नाहीस.

यात एक मेख होती. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, तसा कायदा आहे. मास्तरांना खोली द्यायची तर साक्ष नाही, साक्ष घ्यायची तर खोली नाही. मी त्यांना दोन्ही समजावून सांगितलं. त्यांनी दाताखालचा दोरा तोडला आणि म्हणाले, "खोलीत मेलेला माणूस राहत होता. जिवंत माणूस बघेल स्वतःचं कुठेतरी." म्हणून मास्तरांना मी काही देत नाही. धाकटे, समजलीस.

मास्तरांचं म्हणणं असं की त्यांचाही दोष लिहावा. त्यांनीही तोंड शिवून घेतलं होतं. लिहिला.

कलम सहा. पुतळा पाडू नका. नंबर बदला, कात्री काढून हातात टेलिफोन द्या, आणि बाह्या आखूड करा. गुंड्या उजव्या बाजूला. हे शेवटचं मास्तरांकडून.

कलम सात. ते दोन बिल्ले. दोरा आला तरी मी ते कधी शिवून घेतले नाहीत, पुढच्या बढतीपर्यंत टाचणीवर चालवलं. ते थोरल्याला. शेऱ्यावर सही करशील तेव्हा टेबलावर समोर ठेव. वजन काही नाही त्यांना, उचलून बघ.

कलम आठ. कोट. तारवाल्याचा, कॉलरमध्ये ५६२, बाही अर्धी. मास्तरांनी एक्केचाळीस वर्षं पेटीत ठेवला, सुई काढली नाही. का शिवून टाकली नाही, विचारलं तर म्हणायचे, ज्याची बाही त्याच्या मापानं करायची असते. हा कोट टाइप करणाऱ्या बाईंना. माझ्या मरणानंतर नाही. आज. तिसरी प्रतही त्यांचीच.

बाईंनी आत्ता एक विचारलं. म्हणाल्या, "हसत म्हणाला का? कोट आखूड आहे म्हणून?"

हो. हसत म्हणाला.

बाई, मी माफी मागत नाहीये. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी बोलावं लागतं, आणि ते ओझं तुमच्यावर टाकायचा मला हक्क नाही. हे चांगलं वाटतं ऐकायला, पण खरं कारण तेही नाही. खरं कारण हे की मला तुमच्या उत्तराची भीती वाटते. तोफा ऐकल्या, संसद ऐकली, तुमचं उत्तर ऐकायची छाती नाही. म्हणून असं करा. टाइप करत राहा. ठिकाण, तारीख, साक्षीदार, सगळं मी सांगतोय तसं एका दमात घ्या, पान संपेपर्यंत मान वर करू नका. मी सही करेन, पेन मास्तरांच्या हातात देईन. मास्तर, कोट टेबलावर ठेवा. नीट. कॉलर वरच्या बाजूला.

चार पावलं झाली की दार आहे. मी निघालो.

ठिकाण: रेकॉर्ड ऑफिस, जिन्याखाली.
तारीख: खिंडीच्या हजेरीचा आदला दिवस, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटं.

मृत्युपत्र करणार: (सही, शेवटच्या अक्षराला शेपूट)

साक्षीदार पहिला: डॉक्टर. यांनी माझ्यासमोर आणि मी यांच्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरा: नंबर ४१७, कंपनीचा शिंपी, हजर. (सही व डाव्या अंगठ्याचा ठसा)

टंकलेखन: नंबर ५६२ ची बहीण.